यार्डातली मांजरं आणि त्यांच्या मावशी

गावात मांजराला सहसा कोणी मारत नाही. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, ही समजूत खेड्यांतून अजून पुरती गेलेली नाही. पण मारत नाहीत म्हणून सांभाळतात असंही नाही. भाटी घरात व्याली, पिल्लांचे डोळे उघडले, दुधाच्या गंजात तोंडं जायला लागली की पिल्लं पोत्यात जातात आणि पोतं गावाबाहेर. पापही नको आणि पिल्लंही नकोत, त्यातून काढलेली ही वाट. पोतं सोडायच्या जागा ठरलेल्या असतात. बाजार समितीच्या यार्डामागं, जिनिंगच्या सरकीच्या ढिगापाशी, भंडारा-गोंदियाकडं राईस मिलच्या कोंड्याच्या खोलीजवळ, ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला, एसटी स्टँडच्या कँटीनपाठी, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराकडं. जिथं उंदीर आहेत नाहीतर उष्टं आहे, तिथं.

आणि अशा जागी बहुतेक वेळा एक माणूस भेटतं. बहुधा बाईच. यार्डात झाडलोट करणारी, हमालांचा चहा करणारी, शाळेची खिचडी शिजवणारी. कुठं रात्रपाळीचा चौकीदार. या बाईला कोणी स्वयंसेवक म्हणत नाही, तिच्या डोक्यातही तो शब्द येत नाही. गाव तिला मांजरवाली म्हणतं, बरी माणसं मांजरवाल्या मावशी म्हणतात. शहरात जे काम सातआठ जण वाटून घेतात, वर्गणी काढतात, डॉक्टर शोधतात, ते इथं एकटीच्या मजुरीतून चाललेलं असतं.

मदत करायला निघालेली माणसं पहिल्या भेटीत खाद्याचं पोतं आणतात, फोटो काढतात आणि जातात. महिनाभर मांजरं त्या दाण्यांवर राहतात, मग पोतं संपतं आणि सवय लागलेली तोंडं मावशींकडं बघायला लागतात. त्यात नसबंदी झालेली नसेल तर महिनाभराच्या भरपूर खाण्यानं पुढचं वेत अधिक तगतं, म्हणजे तोंडं वाढतातच. आमचं मत असं आहे की मावशींना खाद्य सगळ्यात शेवटी लागतं. त्याआधी पिंजरा लागतो, गाडी लागते, वेचणीच्या दिवसांत बदलीचा माणूस लागतो, ग्रामपंचायतीत त्यांच्या बाजूनं बोलणारं कोणी लागतं. पहिल्या भेटीत हातात काही नसलं तरी चालेल, विचारायचं मात्र नीट. दिवसाला किती रुपये जातात? कोंबडीवाल्याची उधारी किती झाली? भांडायला कोण येतं आणि कशावरून? उंदरांचं औषध कोण टाकतं? तुम्ही तापानं पडल्या तर भांडं कोण ठेवतं? या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर नसतं, आणि खरी अडचण तिथंच आहे.

मग मांजरं मोजायची, तीही मावशींसोबत. लागोपाठ तीन दिवस खाण्याच्या वेळी बसलं की आकडा ठरतो. एका दिवसाचा आकडा नेहमी कमी निघतो, कारण भित्री मांजरं अंधार पडल्यावर येतात. साधी शंभर पानी वही घ्यावी. प्रत्येक मांजराला एक ओळ: रंग, खूण, नर की मादी, कान कापलेला (नसबंदीची खूण) की नाही, पोट दिसतं का, शेवटचं कधी दिसलं. जवळ न येणारं मांजर नर की मादी हे रंगावरून थोडं ओळखता येतं. काळा-पांढरा-तांबडा असे तीन रंग अंगावर असले तर ती जवळजवळ नक्की भाटी. नुसतं तांबडं मांजर बहुधा बोका निघतं, पण तांबड्या भाट्याही असतात, तेव्हा त्यावर पैज लावू नये. मावशींनी ठेवलेली नावंच वहीत लिहावीत. क्रमांक टाकले की वही त्यांची राहत नाही, तुमची होते, आणि तुम्ही महिन्यातून एकदा येणार.

खाण्याबद्दल थोडकंच. दूध-पोळी आणि दूध-भात ही आपली मांजराच्या खाण्याची कल्पना, पण बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. मांजराला मांसातलं टॉरिन लागतं; ते नुसत्या भातापोळीतून मिळत नाही, आणि वर्षानुवर्षं मिळालं नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. गावात स्वस्तात मिळतं ते कोंबडीच्या दुकानातलं: मान, पाय, पोटं, थोडी कलेजी. तीनचार किलोच्या मांजराला दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास शिजवलेलं मांस किंवा पन्नाससाठ ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. दहा मांजरांना दीड किलो झालं. भात घालायचाच तर चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. मान-पाय कुकरला पाऊण तास ठेवावेत, हाड बोटानं चुरगळलं पाहिजे. अर्धवट शिजलेल्या हाडाच्या फाकी घशात आणि आतड्यात अडकतात. कलेजी रोज नको, आठवड्यातून एकदोनदा पुरे, त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जाऊन मांजराचे सांधे धरतात. सुकट चालते, पण आधी पाण्यात तासभर भिजवून ते खारं पाणी फेकायचं. मीठ, हळद, तेल काही घालू नये. लग्नाच्या पंगतीतला किंवा सावजीच्या भोजनालयातला उरलेला रस्सा कोणी प्रेमानं आणून देतं, तो घेऊन बाजूला ठेवायचा. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, तिखटाचं तर सोडाच.

भांडं ठरल्या वेळी ठेवायचं आणि अर्ध्या तासात उचलायचं. या एका सवयीनं निम्मी भांडणं मिटतात: माशा नाहीत, कुत्री नाहीत, डुकरं नाहीत, वास नाही, आणि कोणतं मांजर आलं नाही हे त्याच दिवशी कळतं. मुंग्या लागू नयेत म्हणून खाण्याची ताटली पाणी भरलेल्या परातीत ठेवावी. पैसे द्यायचे असतील तर मावशींच्या हातात देण्याऐवजी कोंबडीवाल्याकडं महिन्याचे आगाऊ भरावेत आणि त्याच्याच वहीत रोजचं वजन मांडायला लावावं. हातातले पैसे घरच्या अडचणीला जातात, जायलाच पाहिजेत, आणि मग मावशींना उगाच अपराधी वाटतं.

आता मुख्य काम, नसबंदी. भाटी चारपाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभणकाळ त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात दोनतीन वेतं, एका वेताला तीन ते पाच पिल्लं. त्यातली बहुतेक सहा महिने पाहत नाहीत. तो मरणाचा हिशेब मावशींनी एकटीनं पाहिलेला असतो, आणि नसबंदीचं सगळ्यात मोठं समर्थन तेच आहे. दहातली दोनतीन केली तर फरक पडत नाही. निदान सात व्हायला हवीत, आणि थोडक्या दिवसांत व्हायला हवीत. पैसे कमी असतील तर आधी भाट्या. बोक्यांची केल्यानं मारामाऱ्या आणि मुतण्याचा वास कमी होतो हे खरं, पण एक बोका जरी राहिला तरी उरलेल्या सगळ्या भाट्यांना तो पुरतो.

हंगाम निवडता येतो. दिवस लहान असतात तेव्हा मांजरांचा माज मंदावतो; दिवस वाढत जातो तसा जानेवारीच्या शेवटापासून तो परत येतो. म्हणून दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचे दिवस सगळ्यात बरे. गाभण भाट्या कमी सापडतात, माशा कमी असतात, पिंजऱ्यात मांजर तापत नाही. अडचण एवढीच की तेव्हाच कापूस वेचणी ऐन भरात असते आणि मावशी वावरात असतात, तिकडं धानपट्ट्यात मळणी चालू असते. तेव्हा मांजर धरण्याचा दिवस आठवडी बाजाराचा ठेवावा, कारण बाजाराच्या दिवशी बरेच मजूर वावरात जात नाहीत. चैत्र ते ज्येष्ठ हे काम काढूच नये. चंद्रपूर-ब्रम्हपुरीकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि भूल दिलेल्या मांजराला स्वतःचं अंग थंड ठेवता येत नाही.

पिंजरा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडूनही करून घेता येतो. उंदराचा पिंजरा मोठा करून चालत नाही. लांबी निदान ऐंशी सेंटिमीटर हवी, रुंदी पंचवीस-तीस, उंची तीस. लांबी कमी पडली तर दार शेपटीवर पडतं, मांजर मागं सटकतं आणि पुन्हा महिनोन्महिने पिंजऱ्याकडं फिरकत नाही. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी. मोठ्या भोकात मांजर नाक आणि नखं घालून रक्त काढून घेतं. पायफळी मागच्या तिसऱ्या भागात, आणि ती किलोभर वजनालाही पडली पाहिजे. वाळूची पुरचुंडी ठेवून तपासावी. दाराला कडी अशी हवी की पडल्यावर आतून ढकलून उघडणार नाही. कडा घासून घ्याव्यात. एक फळी कंगव्यासारखी दात्यांची करून घेतली तर ती जाळीतून आत सारून मांजर एका बाजूला दाबता येतं आणि डॉक्टरांना बाहेरूनच इंजेक्शन देता येतं. ही फळी बहुतेक जण विसरतात, आणि मग दवाखान्यात मांजर सुटून कपाटावर चढतं.

पहिले चारपाच दिवस दार वर बांधून ठेवायचं आणि खाणं पिंजऱ्यातच ठेवायचं, आधी तोंडाशी, मग रोज थोडं आत. तळाला वर्तमानपत्र. धरायच्या आदल्या दिवशीचं संध्याकाळचं खाणं बंद, पाणी चालू. हे मावशींच्या जिवावर येतं, पण पोट भरलेलं मांजर आत जात नाही, आणि भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनळीत जाऊन मरतं. त्या संध्याकाळी शेजारचं कोणी दयेनं दूध ठेवणार नाही याचीही खात्री करावी. धरताना भाजलेल्या बोंबलाचा तुकडा पुरतो, वास लांब जातो. दार पडलं की लगेच पूर्ण पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की मांजर शांत बसतं. उघडं राहिलं तर धडका मारून तोंड फोडून घेतं. पिंजरा लावून घरी जाऊ नये. कुत्री येतात, मुंग्या लागतात, ऊन फिरतं. आठ मांजरांच्या जागी तीन पिंजरे एकदम लावावेत, कारण बाकीची बघत असतात आणि एकाला धरलेलं पाहिलं की शहाणी होतात. दोन-तीनदा हुलकावणी देणाऱ्या भाटीसाठी साधी युक्ती आहे. जड जाळीचा चौकट-डबा काठीवर तिरपा उभा करायचा, काठीला दोरी, दोरी दहा मीटर लांब बसलेल्या माणसाच्या हातात. मांजर पूर्ण आत शिरून खायला लागलं की ओढायची. घाईनं ओढणारा माणूस या कामाचा नाही. मावशींना ते छान जमतं, त्यांना त्या मांजराची प्रत्येक हालचाल पाठ असते.

पोत्यात मांजर भरून नेऊ नये हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण अजून नेतात. पोत्यातून दात आरपार येतात आणि मांजर गुदमरतं.

कुठं न्यायचं? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतात, पण त्यांचा दिवस गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. रेबीजची लस, जखमा, कधी बोक्याची नसबंदी तिथं होऊ शकते. विचारायला हरकत नाही. भाटीसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था, किंवा जिल्ह्याच्या गावी मांजरांची शस्त्रक्रिया नेहमी करणारा खासगी डॉक्टर. ‘नेहमी’ महत्त्वाचं. आधी फोन करून चार गोष्टी ठरवाव्यात: कोणता दिवस, किती मांजरं, ती हात न लावू देणारी आहेत, आणि टाके आपोआप विरघळणारे हवेत. टाके काढायला अशी मांजरं पुन्हा सापडत नाहीत. कुशीतून, म्हणजे पोटाच्या बाजूनं, शस्त्रक्रिया करता येते का हेही विचारावं; पोटाखालची जखम लांबून दिसत नाही, कुशीतली मावशींना भांडं ठेवता ठेवता दिसते. भुलीतच कानाचं टोक सरळ कापून घ्यावं, मोठ्या मांजरात सुमारे एक सेंटिमीटर. बघायला बरं वाटत नाही, पण ती खूण नसली तर झालेली भाटी पुन्हा धरली जाते, पुन्हा भूल, कधी पुन्हा पोट उघडणं. त्याच भुलीत रेबीजची लसही द्यावी. पिल्लाची नसबंदी दोन महिन्यांनंतर, वजन किलोभर झालं की करता येते, पण त्याला रात्रभर उपाशी ठेवू नये, तीनचार तास पुरे. रक्तातली साखर उतरते.

एका फेरीत चारसहा मांजरं, जास्त नको. गाडी म्हणजे ऑटो, पिकअप, कोणाची तरी रिकामी व्हॅन. काळी-पिवळीच्या टपावर पिंजरा बांधू नये. पहाटे निघावं. पिंजऱ्याखाली प्लास्टिक, वर चादर, बाजूनं हवा. बाहेर गावच्या मदतनीसानं द्यायची सगळ्यात मोलाची वस्तू ही: महिन्यातला एक गाडी-दिवस, डिझेलसकट, तारीख आधी सांगून. खाद्याच्या दहा पोत्यांनी जे होत नाही ते अशा चार दिवसांनी होतं.

परत आणल्यावर बोका एक रात्र, भाटी दोन रात्री बंद जागेत ठेवायची. कुटाराची कोठी नको, धूळ जखमेत जाते. रिकामी खोली, झाडलेली, वर्तमानपत्र घातलेली. डिसेंबरात गोंदिया-नागपूरकडं रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि भुलीतलं मांजर गारठून मरतं, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला लागून ठेवावी, अंगाला चिकटून नको. हिरड्या गुलाबी आहेत, रक्त ठिबकत नाही, खाल्लं, मुतलं, एवढं पाहिलं की सोडायचं, आणि जिथून धरलं तिथंच. नव्या जागी सोडलेलं मांजर परत येण्याच्या धडपडीत रस्त्यावर मरतं. दूध पाजणारी भाटी सापडली (स्तनांभोवतीचे केस गेलेले असतात) तर शुद्धीवर येऊन चालायला लागली की त्याच संध्याकाळी सोडावी. पिल्लं कुठंतरी वाट बघत असतात.

दुखणं-खुपणं आलं की गोठ्यातली औषधं पुढं येतात, आणि इथं फार मांजरं मरतात. गुराच्या जखमेत अळ्या पडल्या की टर्पेंटाईन घालतात. मांजराला ते विष आहे. फिनाईल तसंच. गोचिडांवर फवारायचं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन मांजराच्या अंगाला लागलं की थरथर, झटके आणि शेवट. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी असते. खरजेसाठी आयव्हरमेक्टिन चालतं, पण गुरांचं इंजेक्शन मांजराच्या मानानं फार तीव्र असतं, थेंबाचा अंदाज चुकला की झालं. मात्रा डॉक्टरांनीच वजन करून काढावी. मावशींच्या घरी एक डबा द्या: कापूस, स्वच्छ फडकं, मिठाचं पाणी करायला मीठ, चिमटा आणि डॉक्टरांचा नंबर. बाकी काही नको.

आणि मावशींचं स्वतःचं. मांजर चावलं की जखम टाचणीएवढी दिसते, पण दात खोल गेलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी हात सुजतो. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुणं, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. रेबीजच्या लसीचे त्वचेतले डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. पहिला घेऊन बरं वाटलं म्हणून उरलेले सोडतात, मजुरी बुडते म्हणून सोडतात. त्या चार दिवसांची मजुरी आणि ऑटोभाडं ही मदत कोणाला सुचत नाही. ज्या रोज मांजरं हाताळतात त्यांनी चावण्याआधीच लस घेऊन ठेवावी, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावं. घरात गरोदर सून असेल तर मांजराची घाण तिनं उचलू नये, भाजी धुऊन घ्यावी. घाण रोजच्या रोज उचलली तर टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला बाधणाऱ्या परजीवीचा धोका फार उतरतो, कारण ताज्या विष्ठेतलं बीज लागण करण्याजोगं व्हायला एक ते पाच दिवस लागतात. आशाताई हे चांगलं समजावून सांगतात, आणि त्यांचं गाव ऐकतं.

गावाच्या तक्रारी खोट्या नसतात. मांजर कोंबडीची पिल्लं नेतं. जिच्या खुराड्यातली चार पिल्लं गेली तिला भूतदया सांगू नये, पिल्लांचे पैसे द्यावेत, गाजावाजा न करता, आणि खुराड्याला बारीक जाळी लावून द्यावी. सांबार (कोथिंबीर)-मेथीच्या वाफ्यात मांजरं हागतात. पेरल्यावर वाफ्यावर बोराट्या पसरल्या की जात नाहीत. त्याच वेळी भिंतीकडेला मीटरभर लांब-रुंद खड्डा करून रेती आणि थोडी राख टाकावी, रोज कुदळीनं वरखाली करावी. मऊ माती मिळाली की मांजर वाफा सोडतं. पाण्याच्या भांड्यात डास होतात म्हणतात, तर पाणी रोज बदलून भांडं घासायचं. उन्हाळ्यात मातीची पसरट भांडी सावलीला, दिवसातून दोनदा. कीटकनाशकाचा रिकामा डबा कापून पाणी ठेवलेलं दिसलं तर तो तिथल्या तिथं उचलावा. कितीही धुतला तरी नको.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवावी असं आहे. ग्रामसभेत हे वाचून दाखवणारा माणूस लागतो; मावशी तिथं उभ्या राहून बोलल्या तर हशा होतो. प्राण्याला हाल होतील अशा जागी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातल्या अकराव्या कलमात गुन्हा आहे, हेही सांगावं, पण धमकी म्हणून नको. मांजरं सांभाळतात हे कळलं की जवळपासच्या गावांतली पोती मावशींच्याच दारात सुटतात, आणि ज्यांनी सोडली ते बहुधा ओळखीचेच असतात. यावर एक उपाय बऱ्यापैकी चालतो. पिल्लांची आई कोणत्या घरात आहे ते शोधायचं आणि त्या घरी जाऊन तिची नसबंदी करून द्यायची. पोतं त्या घरातून पुन्हा निघत नाही. दुसरा उपाय, खाण्याची जागा दारापासून हलवायची. रोज दोनतीन मीटर सरकवत नेली तर मांजरं मागं येतात. आणि जागेचं नाव घालून फोटो टाकू नका.

मिलवाल्यांशी बोलणं सोपं असतं, त्यांना उंदीर नकोच असतात. मात्र मांजरं सगळे उंदीर संपवतील असं आश्वासन देऊ नये. ती संपवत नाहीत, खाऊ घातलेली तर नाहीच. मागायची ती एक गोष्ट: औषध टाकायच्या आधी दोन दिवस कळवा, आणि कोणतं ते सांगा. ब्रोमाडिओलोन असेल तर विष खाल्लेला उंदीर खाणारं मांजर दोनतीन दिवसांनी पांढरं पडतं, नाकातून रक्त येतं, धाप लागते. वेळेवर के-१ जीवनसत्त्व मिळालं तर वाचू शकतं. झिंक फॉस्फाईड असेल तर उतारा नाही. औषधाच्या दिवसांत मेलेले उंदीर सकाळी उचलून पुरणं हे कोणाचं तरी काम म्हणून ठरलं पाहिजे, आणि ते काम मावशींच्या गळ्यात पडू देऊ नये.

ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत सगळं थोडं बदलतं. तिथं खाणं दिवसा घालायचं, सूर्य मावळायच्या आत भांडं घरात. उरलेल्या मांसाच्या वासावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. गावातल्या मांजरांचा पार्वो हा विषाणूचा रोग रानमांजरांना लागू शकतो, म्हणून या गावांत नसबंदीसोबत तिहेरी लसही द्यावी. या रोगात पिल्लं दोन दिवसांत जातात आणि विषाणू जागेवर वर्षभर टिकतो. तिथली भांडी, पिंजरा एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाण्यानं धुवावीत, आणि नवी पिल्लं त्या जागी आणू नयेत. तुरी सोंगताना किंवा गव्हात पिल्लं सापडली आणि कोणी ती मावशींकडं आणून दिली तर आधी नीट बघावं. वाळूच्या रंगाची, उंच कान, कानाच्या टोकाला काळे केस, पायांवर फिकट पट्टे असतील तर ती रानमांजराची. अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि जीव अगदी इवलासा असेल तर वाघाटीची शंका घ्यावी. दोन्ही संरक्षित आहेत. त्यांना दूध पाजायचं नाही, घरी ठेवायचं नाही. वनविभागाच्या १९२६ वर फोन, आणि शक्य असेल तर त्याच धुऱ्यावर सावलीत ठेवून माणसं लांब. अंधार पडला की आई येते. गावमांजराच्या पिल्लांनाही हेच लागू आहे: भोवती पिठाची रेघ ओढून चारसहा तास लांब राहावं. रेघेवर पाऊल उठलं तर आई येऊन गेली.

थंडीसाठी मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके मिळतात. बाजूला पंधरा सेंटिमीटरचं भोक, तळाला विटा, आत तणीस. गोधडी नको, ती ओल धरते आणि मांजर त्यात गारठतं. तणीस कोरडी राहते, आणि धानपट्ट्यात फुकट मिळते.

राहिला बदलीचा माणूस. सोयाबीन सोंगणी, वेचणी, लेकीचं बाळंतपण, ताप. वर्षात असे पन्नाससाठ दिवस येतात जेव्हा मावशी नसतात. बचत गटातली एक बाई, शाळेतली मोठी मुलं, चौकीदार, कोणीही चालेल, पण ठरलेला हवा आणि मावशी असतानाच आठवडाभर सोबत यायला हवा. मांजरं नव्या हाताचं भांडं दोनतीन दिवस टाळतात आणि तेवढ्यात माणूस कंटाळतो. वहीचं शेवटचं पान त्याच्यासाठी: कोंबडीवाला, डॉक्टर, गाडीवाला आणि तुमचा नंबर. मावशींना वाचता येत नसेल तर प्रत्येक नंबराशेजारी चित्र काढा. आणि दसऱ्याच्या आसपास, वेचणी लागायच्या आधी, एकदा येऊन ते पान तपासा. नंबर बदललेले असतात.